पार्श्वभूमी : जिवाणूला आपले पीक कसे कळते

१ जानेवारी १९८० पासून जिवाणूंची हजारो नावे शास्त्रीय व्यवहारातून बाद झाली. मान्य नावांची एक यादी प्रसिद्ध झाली आणि जे नाव तिच्यात नाही ते यापुढे धरायचे नाही, असे ठरले. तोवर नावांचा ढीग साचला होता. कित्येकांची मूळ वर्णने त्रोटक होती, कित्येकांचा नमुना जिवाणू कुठेच जपलेला नव्हता. साफसफाई हवीच होती. पण पीकरोगांच्या अभ्यासकांपुढे तिने एक पेच टाकला, आणि जिवाणू पीक कसे ओळखतो या प्रश्नाची चर्चा अजूनही त्या पेचाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

जिवाणूंमुळे झाडांना रोग होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नासपतीच्या करप्यावरून सिद्ध झाले होते. तरी विसाव्या शतकाच्या तोंडावरही एक जर्मन आणि एक अमेरिकी शास्त्रज्ञ त्यावर जाहीर वाद घालत होते. तो वाद लवकर निकालात निघाला. त्यानंतरची कित्येक दशके नवे रोग नोंदवण्यात आणि त्यांच्या जिवाणूंना नावे देण्यात गेली.

झाडांना रोग करणाऱ्या जिवाणूंच्या झॅन्थोमोनास या प्रजातीत १९८० पूर्वी शंभरावर जाती नोंदलेल्या होत्या. नव्या पिकावर रोग दिसला की त्या पिकाचे नाव लावून नवी जात करायची, ही रीत होती. कोबीच्या घाण्या रोगाची जात वेगळी, भाताच्या कडा करप्याची वेगळी, लिंबूवर्गीय झाडांवरच्या खैऱ्याची वेगळी. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत मात्र यांतले बहुतेक जिवाणू सारखेच वागत. कोणत्या पिकावरून आणला हे सांगितले नाही, तर तज्ज्ञालाही फरक सांगता येत नसे. नव्या नियमांत अशा जातींना जागा नव्हती. म्हणून बहुतेक सगळ्या 'झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस' या एकाच जातीत घातल्या गेल्या आणि पिकाची ओळख पुसू नये म्हणून तिसरे नाव जोडले गेले : पॅथोव्हार, म्हणजे कोणत्या पिकावर कोणता रोग करतो यावरून पाडलेला गट. त्यासाठी पीकरोगतज्ज्ञांनी वेगळी नियमावली केली. जिवाणूंच्या मुख्य नामसंहितेच्या दृष्टीने हा दर्जा दुय्यमच राहिला.

ही तडजोड होती आणि तिच्यावरचे आक्षेप खरे होते. बहुतेक पॅथोव्हार ज्या पिकावर सापडले त्यावर आणि फार तर आणखी दोनचार पिकांवर तपासलेले होते. शिवाय सुईने पानात दाट द्रावण टोचले, तर एरवी ज्या झाडाच्या वाटेलाही जिवाणू जात नाही त्यावरही डाग उठू शकतो. मग 'यजमान' म्हणायचे कोणाला? तरीही माझ्या मते त्या वेळी यापेक्षा चांगला मार्ग उपलब्ध नव्हता. बागायतदार आणि विलगीकरण अधिकारी यांना जिवाणू कोणती साखर आंबवतो याच्याशी कर्तव्य नसते. तो कोणते पीक मारतो, हे त्यांना हवे असते.

या दुय्यम दर्जाच्या नावावर किती अवलंबून असते ते फ्लोरिडात दिसले. १९८४ मध्ये तिथल्या रोपवाटिकांत लिंबूवर्गीय रोपांवर झॅन्थोमोनासचे डाग आढळले. त्या राज्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खैऱ्याचे एकदा उच्चाटन केले होते आणि त्याची धास्ती कायम होती. हा खैऱ्याचाच एक प्रकार समजून सुमारे २ कोटी रोपे नष्ट करण्यात आली. डाग खैऱ्यासारखे उंचवट्याचे आणि बुचासारखे नव्हते, सपाट होते. हा रोग वेगळा आणि बराच सौम्य आहे, हे मान्य व्हायला काही वर्षे गेली. पुढे त्याच्या जिवाणूला स्वतंत्र पॅथोव्हार मिळाला. खऱ्या खैऱ्याच्या जिवाणूची नावेही बदलत राहिली. १९८९ मध्ये त्याची पुन्हा वेगळी जात केली गेली आणि त्यावर कडाडून वाद झाला. १९९५ मध्ये डीएनए-साम्यावर आधारलेल्या फेरमांडणीत झॅन्थोमोनासच्या २० जाती ठरल्या, तेव्हा तो 'ॲक्सोनोपोडिस' या जातीत गेला. २००६ मध्ये तो परत 'सिट्री' झाला. जिवाणू होता तोच होता.

नावांचा हा खेळ चालू असतानाच खरे उत्तर दुसऱ्या बाजूने येत होते. १९८४ मध्येच सोयाबीनवर रोग करणाऱ्या स्युडोमोनास या दुसऱ्या जिवाणूमधून एक जनुक वेगळे केले गेले. ते जिवाणूत असले, की सोयाबीनचे ठरावीक वाण त्याला ओळखून रोखत. म्हणजे ओळखण्याचे काम झाडाकडूनही होते, आणि कोणत्या पिकावर जिवाणूचे फावणार नाही हे त्याच्या एखाद्याच जनुकाने ठरू शकते. १९८६ मध्ये एक जनुकगट सापडला, जो बिघडला तर जिवाणू आपल्या पिकाला रोगी करू शकत नाही आणि दुसऱ्या झाडांत प्रतिकारही जागवू शकत नाही. पुढच्या दशकात कळले, की हा गट सुईसारखी एक यंत्रणा बांधतो आणि तिच्यातून प्रथिने थेट झाडाच्या पेशीत सोडली जातात. प्लेगच्या जिवाणूकडेही याच घडणीची यंत्रणा आहे.

संवेदनेबद्दलची माहिती याच काळात जमत गेली. जखमी झाडातून पाझरणारी फिनॉल ही रसायने ॲग्रोबॅक्टेरियम हा झाडांवर गाठी आणणारा जिवाणू टिपतो आणि त्यावर त्याची संसर्गाची जनुके सुरू होतात, हे १९८५ मध्ये दाखवले गेले. कूज करणारे जिवाणू आपली संख्या पुरेशी झाल्याचा रासायनिक इशारा मिळेपर्यंत पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे (एन्झाइम) रोखून धरतात, हे १९९३ च्या सुमारास पुढे आले. २००६ मध्ये मर रोगाच्या राल्स्टोनियाचे असे प्रकार तपासले गेले, ज्यांना रसायनाचा माग काढत पोहता येत नाही. जमिनीतून संसर्ग करताना ते दुबळे ठरले, पण थेट खोडात टोचल्यावर नेहमीइतकेच मारक निघाले. त्याच वर्षी पर्णरंध्रांविषयीची जुनी समजूतही मोडली. रंध्रे म्हणजे उघडी दारे आणि जिवाणू त्यांतून सहज आत शिरतो, असे मानले जाई. प्रत्यक्षात जिवाणूची कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीची शेपटी, जाणवताच झाड रंध्रे मिटते आणि स्युडोमोनासचे काही प्रकार एक विष सोडून ती काही तासांत पुन्हा उघडायला लावतात.

यातले बहुतेक इशारे मात्र कोणत्याही झाडाकडून मिळू शकतात. जखमेतले फिनॉल, पेशींमधल्या पोकळीतली आम्लता, तिथली अन्नाची टंचाई, यांतून 'मी झाडात आहे' एवढेच जिवाणूला कळते. 'मी भातात आहे' हे त्यातून कळत नाही. हा फरक अनेक लोकप्रिय लेखांत पुसला जातो, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

भातापुरते उत्तर नंतर मिळाले. कडा करप्याचा झॅन्थोमोनास पेशीत सोडतो त्यांपैकी काही प्रथिने थेट केंद्रकात जाऊन भाताच्या डीएनएवर ठरावीक जागी बसतात आणि साखर बाहेर सोडणारी जनुके चालू करतात. २००९ मध्ये या प्रथिनांची लिपी उलगडली. एका प्रथिनात साधारण ३४ अमिनो आम्लांचे तुकडे ओळीने येतात आणि प्रत्येक तुकड्यातली दोन अमिनो आम्ले डीएनएचे एकेक अक्षर ठरवतात. ती जागा बदललेली असेल, तर त्या प्रथिनाला पकड मिळत नाही. काही रोगप्रतिकारक वाणांचे रहस्य एवढेच होते. २०१९ मध्ये जनुकसंपादनाने अशा अनेक जागा एकाच भातात बदलून दाखवण्यात आल्या.

यातून पॅथोव्हारचा प्रश्न सुटला असे नाही. कडा करपा झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिकांतून पसरतो, तर त्याच जातीचा दुसरा पॅथोव्हार शिरांमधल्या भागात रेषा पाडतो. नलिकांत राहणारे आणि न राहणारे झॅन्थोमोनास यांच्यातला फरक पुन्हापुन्हा एकाच विकराचे जनुक मिळाल्या-हरवल्याने घडला आहे, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आणि कडा करप्याच्या आशियाई व आफ्रिकी प्रकारांना आजही एकच पॅथोव्हार-नाव आहे, जरी साखरेच्या जनुकांवर नेम धरणारा त्यांचा प्रथिनसंच वेगवेगळा असला तरी. २०१९ मध्ये टांझानियात आशियाई प्रकाराशी जुळणारे जिवाणू आढळले. आफ्रिकी प्रकाराविरुद्ध निवडलेला प्रतिकार त्यांच्यापुढे पुरेल असे गृहीत धरता येत नव्हते, म्हणून तिथल्या एका वाणात दोन्ही प्रकारांच्या जागा बदलणारे संपादन करावे लागले. नावावरून मात्र दोन्ही प्रकार एकच आहेत.