लेझरने ‘जाळणे’ आणि लेझरने ‘कापणे’

पहिला लेझर १९६० साली चालला आणि चार-पाच वर्षांतच तो दातांवर मारून पाहिला गेला. दात तापायचा, आतला गर दगावायचा. प्रकरण मागे पडले. तोंडातल्या मऊ भागाला उपयोगी पडला तो १९६४ चा कार्बन डायऑक्साइड लेझर. अमेरिकेत तो घडवणारा शास्त्रज्ञ जन्माने बारामतीचा, म्हणजे नीरा ओलांडली की साताऱ्याचा शेजारी. या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, ती पाणी लगेच शोषते आणि गालाच्या आतली त्वचा पाण्यानेच भरलेली. कापतानाच बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, बरेचदा टाकेही लागत नाहीत.

पुढे स्वस्त, लहान डायोड लेझरची यंत्रे आली आणि ‘लेझर’ हा शब्द सांगली-मिरजेच्या पाट्यांवर चढला. गोंधळ इथूनच सुरू झाला. बायाबापड्या विचारतात, “चट्टा जाळून मिळंल का?” मिश्रीचं बोट वर्षानुवर्षे जिथे फिरते, तिथे गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा चट्टा उमटतो. किरण त्यावर फिरवून त्याची वाफ करता येते; हे जाळणे. कडेने रेघ मारून चट्टा अखंड उचलता येतो, हे कापणे. यंत्र तेच, पण जाळलेल्या चट्ट्यातून तपासायला काही उरत नाही. धूर होऊन गेलेल्या पेशींत कर्करोग होता का, हे कोण सांगणार? म्हणून आधी तुकडा काढून तो तपासणीसाठी फॉर्मेलिनच्या (पेशी टिकवणाऱ्या द्रावाच्या) बाटलीत जायलाच हवा. लेझरने कापला तरी कडा करपतात, त्यामुळे चट्ट्याभोवती थोडी जास्त जागा धरावी लागते.

लेझरने ‘दुखत नाही’ असे म्हणतात, तेही अर्धेच खरे. पहिले दिवस सोपे जातात, पण उघडी जखम पिवळट थराखाली सावकाश भरते. टाके घातलेली अनेकदा आधी मिटते. चट्टा कोणत्याही पद्धतीने काढला तरी परत येऊ शकतो, कर्करोगाची धास्ती पुरती जात नाही.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड न उघडणारी तरुण पोरे येतातच. लेझरने गालाच्या आत तयार झालेले ताठर पट्टे कापले की तोंड टेबलावरच उघडते. नंतर मात्र आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून, हळूहळू एकेक वाढवत, रोज, महिनोन्महिने ताण द्यावा लागतो. नाहीतर पट्टे पुन्हा आवळतात.