शिराताकी: सुरणाच्या भावकीतला कंद आणि त्याचा पास्ता होण्यापर्यंतचा प्रवास

आईला शुगर निघाली तेव्हा घरातला रविवार संध्याकाळचा पास्ता बंद झाला. तिला लाल सॉसमधला, वरून भरपूर चीज घातलेला पास्ता फार आवडतो. मग ओळखीतल्या एकीने शिराताकी नूडल्स सुचवल्या, मागवल्या, पाकीट फोडलं तर आत पाणीच पाणी आणि त्यात पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या शेवया, आणि त्या पाण्याला चक्क मासळीबाजारासारखा वास. आई म्हणाली, "अगं हे खराब झालंय, फेकून दे." खराब झालेलं नव्हतं, तो वास त्या कंदाच्या पिठाचा आणि चुन्याच्या पाण्याचा असतो, पण ते कळायला मला बरंच मागे जावं लागलं, आणि मागे जाता जाता मी थेट दादरच्या भाजीबाजारात पोचले.

कारण शिराताकी ज्या कंदापासून बनते तो कोंजाक म्हणजे आपल्या सुरणाचा सख्खा नातेवाईक. शास्त्रीय नावात दोघांचं आडनाव एकच, अमॉर्फोफॅलस. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दादरला, वसईला आदिवासी बायका शेवळं विकायला बसतात ना, सोबत काकडाची हिरवी आंबट फळं, ती शेवळं पण ह्याच कुळातली. घशाला खाजणं हा ह्या अख्ख्या घराण्याचा गुण, म्हणून आपण सुरणात चिंच नाहीतर आमसूल घालतो, शेवळात काकड घालतो. चीनमधल्या आणि जपानमधल्या लोकांनी ह्याच खाजेवर वेगळा तोडगा काढला, राखेचं पाणी, आणि नंतर चुना. त्यातूनच पुढे सगळं घडलं.

मुळात कोंजाक चीनच्या नैऋत्य भागातला, सिचुआन-युनान पट्ट्यातला. सिचुआनमध्ये आजही बदकाबरोबर त्याच्या वड्या शिजवतात. सहाव्या शतकाच्या आसपास बौद्ध धर्माबरोबर तो जपानमध्ये गेला असं मानतात, आधी औषध म्हणून, मग मठांमधल्या बिनमांसाच्या जेवणात. जपानीत कोंजाकला आणि त्याच्या वडीलाही कोन्याकु म्हणतात, आणि तिथल्या घरांमध्ये जुनी समजूत आहे की कोन्याकु पोटातली वाळू झाडून काढतो. आपल्याकडे इसबगोलाबद्दल आजी जे बोलते जवळपास तेच, आणि कारणही तेच आहे, दोन्हीकडे पाणी पिऊन फुगणारा, न पचता पुढे जाणारा तंतू.

ह्या तंतूचं नाव ग्लुकोमॅनन. आणि इथेच सुरण आणि कोंजाक वेगळे होतात, हे नीट सांगायला हवं कारण मला दोघींनी विचारलं की मग घरी सुरणाच्या नूडल्स करू का. नाही होणार. आपल्या सुरणात मुख्यतः स्टार्च असतो, बटाट्यासारखा, तो पचतो आणि त्याची साखर होते. कोंजाकमध्ये साठा ग्लुकोमॅननचा, जो आपल्या पोटातल्या रसांना तोडता येत नाही. त्याचं पीठ पाण्यात कालवलं की घट्ट खळ होते, त्यात चुन्याची निवळी घालून गरम केलं की ती खळ अशी बसते की परत कितीही उकळा, विरघळत नाही. म्हणून शिराताकी जास्त शिजून लगदा होत नाही. तयार नूडलमध्ये साधारण ९७ टक्के पाणी, उरलेला बहुतेक हा तंतू, १०० ग्रॅमला जेमतेम १० कॅलरी. कोरड्या पास्त्यात तेवढ्याच वजनाला साडेतीनशेच्या आसपास.

पण शेकडो वर्षं एक अडचण होती, ताजा कंद टिकत नाही. जिथे पिकतो तिथेच आणि हंगामातच खायचा. मला ह्या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडलेला माणूस इथे येतो, मितो संस्थानातला, म्हणजे आजच्या इबाराकी प्रांतातला नाकाजिमा तोएमोन नावाचा शेतकरी. १७७६ च्या सुमारास त्याच्या लक्षात आलं की कापलेला कंद वाळला तर कुजत नाही. मग काप वाळवायचे, दळायचे, पीठ साठवायचं. साधी गोष्ट वाटते, आपण सांडगे-पापड वाळवतो तसलीच, पण त्याने कोन्याकु बारमाही झाला आणि लांब लांब जायला लागला. त्या भागात त्याच्या नावाने देऊळ आहे, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

पिठामुळे आणखी एक झालं, रंग गेला. आधी सालीसकट कुटलेल्या कंदाचा कोन्याकु काळपट असायचा, पिठाचा झाला पांढरा, आणि लोकांना तो इतका परका वाटला की अजूनही वड्यांमध्ये मुद्दाम समुद्री शेवाळाची पूड घालून काळे ठिपके आणतात. शेवयांना मात्र पांढरेपणाच शोभला. शिराताकीचा अर्थच पांढरा धबधबा. पूर्व जपानात ती खळ बारीक भोकांतून गरम चुनापाण्यात सोडायचे, आपल्याकडे कोकणात शिरवाळ्यांसाठी साचा दाबतात ते डोळ्यासमोर आणा. पश्चिमेकडे, ओसाकाच्या बाजूला, बसलेली वडी कापून बारीक तारा करायचे आणि त्याला इतो-कोन्याकु म्हणायचे. आता कारखान्यात दोन्ही एकाच पद्धतीने होतात. जपानचं ९० टक्क्यांहून जास्त कोंजाक पीक एकट्या गुन्मा प्रांतात येतं, आणि तिथे कंद तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, थंडीत गारठून मरू नये म्हणून दर हिवाळ्याआधी खणून काढायचा, वसंतात परत लावायचा.

दुसऱ्या महायुद्धात ह्याच खळीचा फार वाईट उपयोग झाला. हाताने बनवलेल्या कागदाचे थर कोंजाकच्या खळीने चिकटवून जपानने प्रचंड फुगे केले, खाली बॉम्ब बांधले आणि नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ मध्ये नऊ हजारांहून जास्त फुगे वाऱ्यावर अमेरिकेकडे सोडले. कागद चिकटवायच्या कामाला शाळकरी मुली बसवल्या होत्या, आणि उपाशीपोटी त्यातल्या काहीजणी ती खळच खायच्या. ५ मे १९४५ ला ओरेगनमध्ये त्यातल्या एका बॉम्बने एक गरोदर बाई आणि पाच मुलं गेली. तेव्हा जपानच्या बाजारातून खायचा कोन्याकु जवळपास नाहीसा झाला होता.

मग ह्याचा पास्ता कधी झाला? जपानमध्ये मुळात नाही. तिथे शिराताकी बहुतेक सुकियाकीत किंवा ओदेनसारख्या रश्श्यात पडते, सोबत मांस, टोफू, मुळा. पास्त्याची जागा तिला अमेरिकेत मिळाली. रॉबर्ट ॲटकिन्स नावाच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये कमी कार्बचा आहार पुस्तकातून लोकप्रिय केला, २००३-०४ च्या सुमारास त्याची दुसरी मोठी लाट आली, ब्रेड-पास्ता सोडलेल्या लोकांना तेच दिसणारं काहीतरी हवं होतं, आणि आशियाई दुकानात ते पडलेलंच होतं. नंतर किटो आलं, म्हणजे कार्ब जवळपास बंद करून स्निग्धावर भर देणारा आहार. मुंबईत तेच किटोच्या वाटेने आलं, आधी इम्पोर्टेड मालाच्या दुकानात, आता दहा मिनिटांत दारात, फक्त किंमत साध्या पास्त्याच्या कितीतरी पट.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये मान्य केलं की दिवसाला ३ ग्रॅम ग्लुकोमॅनन, जेवणाआधी तीन वेळा १-१ ग्रॅम भरपूर पाण्याबरोबर, कमी कॅलरीच्या आहारासोबत घेतलं तर वजन उतरायला मदत होते. त्याआधी त्याच युरोपात कोंजाकच्या छोट्या जेली-कपांवर बंदी आली होती, मुलांच्या घशात अडकत होते म्हणून. नूडल्सही चावूनच खायच्या, आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून सुरू करा, जेवणातले कार्ब अचानक कमी झाले तर शुगर खाली जाऊ शकते.

हे सगळं कळल्यावर माझी स्वयंपाकाची पद्धतच बदलली. गव्हाच्या पास्त्यावर सॉस चिकटतो कारण त्याचा स्टार्च बाहेर येतो, इथे स्टार्चच नाही, त्यामुळे पातळ टोमॅटो सॉस ताटलीत खाली जमतो आणि शेवया वर कोरड्या. आता मी त्या चाळणीत खळखळून धुते, दोन-तीन मिनिटं उकळते, मग कोरड्या कढईत चुरचुर आवाज येईपर्यंत परतते, वास जातो आणि पाणीही. सॉस दाट हवा, चीजचा किंवा पालक-पनीरचा, आणि पनीर, अंडं, कोलंबी काहीतरी हवंच, कारण नुसत्या शिराताकीत प्रथिनं नाहीतच.

आईला मात्र लाल सॉसमधली अजून पटलेली नाही. गेल्या जूनमध्ये शेवळं आणली, काकड घालून, कोलंबी आणि नारळाचं दूध घालून रस्सा केला आणि धुतलेली, परतलेली शिराताकी त्यात सोडली. ती तिने दोनदा मागून घेतली.