शालेय आहारासाठी कौटुंबिक शेतीतून खरेदी (ब्राझील)

सरकारी शाळांच्या जेवणासाठी लागणाऱ्या मालाचा ठरावीक हिस्सा लहान शेतकरी कुटुंबांकडूनच घ्यायचा, ही ब्राझीलमधील कायदेशीर पद्धत. १६ जून २००९ च्या ११९४७ क्रमांकाच्या कायद्याने ती लागू झाली. केंद्राकडून राज्यांना व नगरपालिकांना शालेय आहारासाठी मिळणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम अशा खरेदीवर खर्च करणे बंधनकारक झाले. २०२५ च्या दुरुस्तीने २०२६ पासून हे प्रमाण ४५ टक्के झाले आहे. योजनेत सुमारे ४ कोटी विद्यार्थी जेवतात, म्हणजे गिऱ्हाईक लहान नाही.

शालेय आहाराची योजना १९५५ पासूनची. पुढे खरेदी केंद्राकडे एकवटली. पाकीटबंद माल ट्रकने देशभर फिरे आणि शाळेच्या शेजारच्या मळ्यातला भोपळा मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. १९९४ मध्ये खरेदी स्थानिक पातळीवर आली, तरी कमीत कमी दराची निविदा कायम होती आणि त्या शर्यतीत दोन-चार एकरवाल्याचा टिकाव लागणे अवघडच. २००३ मध्ये भूकमुक्तीच्या मोहिमेत सरकारने लहान शेतकऱ्यांकडून निविदेशिवाय माल घ्यायला सुरुवात केली. २००९ च्या कायद्याची ती रंगीत तालीम ठरली.

कायद्याची चर्चा टक्केवारीवरून होते, पण खरी किल्ली निविदा टाळण्याच्या सवलतीत आहे. निविदेऐवजी ‘शामादा पुब्लिका’, म्हणजे जाहीर आवाहन निघते. पालिकेची आहारतज्ज्ञ हंगाम पाहून जेवणाचा तक्ता बनवते; त्यावरून कसावा, केळी, पालेभाजी किती किलो व कोणत्या महिन्यात लागेल ते ठरते. स्थानिक बाजारातील किमान तीन ठिकाणचे भाव घेऊन त्यांची सरासरी आवाहनातच छापतात. भाव आधीच ठरलेला असल्याने कोणी कोणाचा दर पाडत नाही. निवड होते ती शेतकरी कुठला आणि कोण यावरून: आधी त्याच पालिकेतले, मग आसपासचे, त्यातही जमीन-सुधारणेतून वसलेली कुटुंबे, आदिवासी आणि पळून आलेल्या गुलामांच्या वंशजांच्या ‘किलोंबोला’ वस्त्या यांना प्राधान्य. सेंद्रिय मालाला ३० टक्क्यांपर्यंत जादा भाव देता येतो.

भारतातील पीएम पोषण योजनेत (२०२१) शेतकरी उत्पादक कंपन्या व बचत गटांना सामावून घेण्याचा उल्लेख आहे, पण असा सक्तीचा हिस्सा नाही. महाराष्ट्रात खिचडी अनेक ठिकाणी बचत गटाच्या बायका शिजवतात. तांदूळ मात्र भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो.

हिस्सा न गाठण्यासाठी कायद्यात तीन कारणे चालत: शेतकऱ्याला बिल देता न येणे, पुरवठा नियमित नसणे आणि स्वच्छतेच्या अटी न पाळल्या जाणे. पालिकेला खरेदी करायचीच नसेल, तर यांतले एखादे कारण सापडायला वेळ लागत नाही. तिसरे कारण सर्वांत जाचक ठरले. अॅमेझॉनमधील आदिवासी गावांत शाळेसमोरच्या नदीत मासे असत, पण त्यांवर तपासणीचा शिक्का नसल्याने मुलांच्या ताटात बोटीने आलेले डबाबंद मांस आणि बिस्किटे पडत. २०१७ मध्ये अॅमेझोनास राज्यात सरकारी अभियोक्ते व कृषी तपासणी खात्याने संयुक्त टिपणात साधा युक्तिवाद मांडला: गावाने पकडलेला मासा गावच्याच मुलांनी खाल्ला तर तो घरगुती वापर होय, त्याला बाजारातल्या मालाचा शिक्का कशाला? त्यानंतर मासे, कसाव्याचे पीठ आणि रानफळे तिथल्या शाळांना रीतसर विकता येऊ लागली.