रांगाकू

रांगाकू : (डच विद्या). तोकुगावा घराण्यातील शोगुनांच्या (लष्करी शासकांच्या) राजवटीत डच ग्रंथांच्या आधारे जपानमध्ये वाढलेली पाश्चात्त्य विज्ञान-वैद्यकाच्या अभ्यासाची परंपरा. तिच्याआधी जपानी विज्ञानाचा मुख्य स्रोत चीन होता. सहाव्या-सातव्या शतकांत कोरियातून आलेल्या विद्वानांनी व भिक्षूंनी पंचांगविद्या आणि वैद्यक आणले. ८६२ मध्ये स्वीकारलेले चिनी पंचांग आठशेहून अधिक वर्षे चालले. आकाशाशी त्याचा मेळ बसेना, तेव्हा शिबुकावा शुनकाई यांनी स्वतः वेध घेऊन सुधारलेले पंचांग १६८५ पासून लागू झाले.

ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या धास्तीने शोगुनांनी देशाची दारे जवळजवळ बंद केली. १६४१ पासून युरोपीयांपैकी फक्त डचांना मुभा होती, तीही नागासाकी बंदरातल्या देजिमा या कृत्रिम बेटावर. एकाच पुलाने किनाऱ्याला जोडलेले हे बेट सुमारे १२० मी. लांब व ७५ मी. रुंद होते. पंचांगसुधारणेची ओढ असलेल्या शोगुन योशिमुने यांनी १७२० मध्ये परदेशी ग्रंथांवरील बंदी सैल केली.

खरी सुरुवात झाली ती १८ एप्रिल १७७१ रोजी, एदो (आजचे टोकिओ) येथील कोझुकाप्पारा वधस्थळी. सुगिता गेनपाकू आणि माएनो र्‍योताकू हे वैद्य एका देहदंडित स्त्रीचे शवविच्छेदन पाहायला गेले. कुल्मुस या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या ग्रंथाची डच आवृत्ती दोघांनीही आणली होती. प्रत्यक्ष विच्छेदन केले ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील नव्वदीच्या एका वृद्धाने. चिनी ग्रंथांत वर्णिलेल्या फुप्फुसाच्या सहा पाळ्या व दोन कान, यकृताच्या डावीकडील तीन व उजवीकडील चार पाळ्या समोरच्या देहात दिसेनात. डच आकृत्या मात्र तंतोतंत जुळल्या. दुसऱ्याच दिवशी माएनोंच्या घरी भाषांतर सुरू झाले. हाताशी धड शब्दकोश नव्हता आणि सुगितांना तर डच मुळाक्षरेही येत नव्हती. तरी १७७४ मध्ये हे भाषांतर ‘काइताई शिन्शो’ (शरीररचनेचे नवे पुस्तक) या नावाने प्रसिद्ध झाले. भाषेचा मुख्य भार वाहणाऱ्या माएनोंचे नाव त्यावर नाही, ही खटकणारी गोष्ट.

पुढे शिझुकी तादाओ यांनी न्यूटनचे यंत्रशास्त्र जपानीत आणले. हानाओका सेइशू यांनी चिनी औषधी व पाश्चात्त्य शस्त्रक्रिया यांची सांगड घालून १८०४ मध्ये भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली; पाश्चात्त्य जगात ईथर या भुलीच्या औषधाचे जाहीर प्रात्यक्षिक त्यानंतर ४२ वर्षांनी झाले. ही विद्या निर्धोक मात्र नव्हती. देजिमावरील वैद्य झीबोल्ट यांना जपानचे नकाशे पुरवल्याबद्दल राजज्योतिषी ताकाहाशी कागेयासू यांना कैद झाली आणि १८२९ मध्ये तुरुंगातच त्यांचा अंत झाला.

ओगाता कोआन यांनी १८३८ मध्ये ओसाकात काढलेल्या तेकिजुकू पाठशाळेत हस्तलिखित डच शब्दकोशाची एकच प्रत होती. तिच्यासाठी विद्यार्थी रात्ररात्र जागत. तेथेच शिकलेले फुकुझावा युकिची १८५९ मध्ये योकोहामाला गेले, तर दुकानांवरच्या इंग्रजी पाट्याही त्यांना वाचता येईनात. ते इंग्रजीकडे वळले. शोगुनांनी १८५६ मध्ये स्थापन केलेली पाश्चात्त्य ग्रंथांच्या अभ्यासाची संस्था पुढे १८७७ च्या टोकिओ विद्यापीठात विलीन झाली.