‘स्थगन फेटाळला’ म्हणजे सरकारने चर्चा नाकारली?

हिवाळी अधिवेशन लागलं की नागपुरात हा समज हमखास फिरतो. स्थगन प्रस्ताव म्हणजे ठरलेलं कामकाज थांबवून तातडीच्या विषयावर चर्चा घ्या, ही आमदारांची मागणी. तो स्वीकारायचा की नाही, हे सरकार ठरवत नाही. विधानसभेत अध्यक्ष, विधान परिषदेत सभापती ठरवतात. विषय ताजा, तातडीचा आणि नेमका एकच हवा. ठरलेलं कामकाज बाजूला सारायचं असतं, म्हणून चाळणी बारीक. कापूस, धान, संत्री एकाच सूचनेत कोंबली तर ती टिकणं अवघडच.

पण वाटा संपत नाहीत. विधानसभेत नियम 105 ची लक्षवेधी सूचना असते: मंत्री निवेदन करतात, मग आमदार प्रश्न विचारतात. नियम 293 खाली सविस्तर चर्चाही मागता येते, तिलाही मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर गुळमुळीत असेल, तर मात्र सरकारला खुशाल धारेवर धरा!