व्हर्च्युअल वाद्ये संगणकावर बसवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तबला, ढोलकी, सतार, पियानो किंवा व्हायोलिनचा अख्खा ताफा सॉफ्टवेअरच्या रूपात विकत घेतला की प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी तुमच्या हाती येतात. पहिली प्लगइन : तुमच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी, बटणे आणि पट्ट्या दाखवणारी खिडकी. दुसरी लायब्ररी : खऱ्या वाद्याचा एकेक सूर, एकेक बोल रेकॉर्ड करून ठेवलेली सॅम्पल. तिचा आकार काही जीबींपासून शेकडो जीबींपर्यंत असू शकतो. तिसरा परवाना, जो कंपनीच्या खात्यात तुमच्या नावावर चढतो. या तिन्ही गोष्टी तीन ठिकाणी बसतात आणि बिघडतातही वेगवेगळ्या कारणांनी.

म्हणून तक्रार आली की आम्ही आधी तिघांतले कोण अडले आहे ते पाहतो. वाद्याचे नाव यादीतच दिसत नसेल तर प्लगइनकडे बघा. नाव दिसते, खिडकी उघडते, पण सॅम्पल सापडत नाहीत असा संदेश येतो, तर लायब्ररीची जागा चुकली आहे. सगळे नीट वाजते आणि काही मिनिटांनी वाद्य गप्प होते, तर परवान्याचे काम राहिले आहे किंवा लायब्ररी फक्त डेमो म्हणून उघडली आहे (त्याबद्दल पुढे). एवढी विभागणी ध्यानात ठेवली तर बहुतेक अडचणी घरीच सुटतात, आणि सगळे काढून पुन्हा इन्स्टॉल करण्यात रात्र जात नाही.

व्हायटल किंवा सर्ज एक्सटीसारखे सिंथ मात्र आवाज जागेवर तयार करतात. त्यांना सॅम्पलची मोठी लायब्ररी लागत नाही, आणि दोन्ही मोफत मिळतात. नवशिक्यांनी सुरुवात यांच्यापासून करावी असे आमचे मत आहे.

पैसे आधी एसएसडीवर खर्च करा

कॉन्टॅक्टसारखा सॅम्पल प्लेअर प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये भरून ठेवतो. तुम्ही कीबोर्डची पट्टी दाबून धरली की पुढचा भाग त्याच क्षणी डिस्कवरून वाचला जातो. फिरणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला एका वेळी चाळीस-पन्नास सुरांमागे धावणे झेपत नाही, आणि सूर मध्येच तुटतो. ग्राहक प्रोसेसर बदलायला निघतात, पण दोष डिस्कचा असतो. लायब्ररी एसएसडीवरच, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवरच ठेवा. रॅम १६ जीबी असावी. ८ जीबीत एक पियानो, तबला आणि एखादा सिंथ निभतो, व्हायोलिन-चेलोचा पूर्ण ताफा निभत नाही. रॅम कमी पडत असेल तर कॉन्टॅक्टमध्ये ‘पर्ज’ (भरलेले सॅम्पल रॅममधून काढणे) करून गाणे एकदा पूर्ण वाजवा. मग जे सूर वाजतात तेवढेच रॅममध्ये राहतात.

लायब्ररी उतरवताना

चुका सर्वांत जास्त इथेच होतात. ४० जीबीची लायब्ररी झिप फाइलमधून उघडायची असेल तर साधारण ८० जीबी जागा मोकळी हवी, कारण काही वेळ झिप आणि उघडलेल्या फाइली दोन्ही डिस्कवर असतात. जागा संपली की काही इन्स्टॉलर स्पष्ट सांगत नाहीत, अर्ध्यावर थांबतात. भाग एक, भाग दोन असे तुकडे आले असतील तर ते सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फक्त पहिला उघडा. बाकीचे तो स्वतः जोडून घेतो. प्रत्येक भाग वेगळा उघडला तर अर्धवट लायब्ररी तयार होते.

पेन ड्राइव्हवरून नेत असाल तर आधी त्याचा फॉरमॅट तपासा. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही, आणि लायब्ररीच्या फाइली सहज तेवढ्या असतात. विंडोजसाठी एनटीएफएस, विंडोज आणि मॅक दोन्हींवर फिरवायचा असेल तर एक्सफॅट.

फोल्डरची नावे लहान ठेवा. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता साधारणपणे २६० अक्षरांच्या वर गेला की बऱ्याच प्रोग्रामना ती फाइल सापडत नाही. डेस्कटॉपवरच्या डाउनलोडमध्ये, त्यातल्या ‘नवीन फोल्डर’मध्ये लायब्ररी उघडली की ही मर्यादा लवकर गाठली जाते. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो : फोल्डरचे किंवा विंडोजच्या युजरचे नाव देवनागरीत असेल तर काही प्लगइन तो पत्ता वाचू शकत नाहीत आणि कारण न सांगता बंद पडतात. मराठीवर प्रेम गाण्यात दाखवू, फोल्डर इंग्रजी अक्षरांत ठेवू.

‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर लायब्ररी तिथे कधीच ठेवू नका. तुम्ही ढोलकी वाजवत असता आणि मागे तीच ढोलकी इंटरनेटवर चढत असते. जागा कमी पडली की वनड्राइव्ह फाइल संगणकावरून हलवतो, आणि आज वाजलेले वाद्य उद्या रिकामे निघते. नेटिव्ह अॅक्सेस (कॉन्टॅक्टच्या कंपनीचा लायब्ररी उतरवण्याचा प्रोग्राम) वापरत असाल तर पहिले डाउनलोड सुरू करण्याआधीच त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये कंटेंटची जागा बदलून घ्या. नंतर हलवणे जास्त त्रासाचे असते.

बाहेरच्या एसएसडीवर लायब्ररी असेल तर तिला पक्के अक्षर द्या. विंडोज आज तिला ई म्हणते, उद्या दुसरा पेन ड्राइव्ह आधी लावला की एफ म्हणते, आणि कॉन्टॅक्ट ई मध्येच शोधत बसतो. डिस्क मॅनेजमेंट उघडा, त्या डिस्कवर राइट क्लिक करून एस किंवा व्ही असे दूरचे अक्षर ठरवून टाका. एकदाच करायचे काम आहे. तरीही वाद्य हरवलेच तर पुन्हा डाउनलोड करू नका. नेटिव्ह अॅक्सेसमध्ये त्या वाद्यासमोर जागा दाखवण्याची सोय आहे. फोल्डर दाखवला की झाले.

रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हे काम होत नाही. भंडारा, वर्धा, चंद्रपूरकडून येणाऱ्यांसाठी आमच्या सीताबर्डीच्या दुकानातल्या ब्रॉडबँडवर, तुमच्याच खात्यातून, तुमच्या डिस्कवर लायब्ररी उतरवून देतो.

प्लगइन यादीत का दिसत नाही

व्हीएसटी हा प्लगइनचा प्रकार स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणला. आज विंडोजवर वापरायचे ते व्हीएसटी३. ते नेहमी एकाच ठिकाणी बसते : सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३. ही जागा बदलू नका. जुने व्हीएसटी२ डीएलएल फाइलीच्या रूपात येते आणि प्रत्येक इन्स्टॉलर त्याला वेगळ्या फोल्डरमध्ये टाकू पाहतो. सगळ्यांसाठी एकच फोल्डर ठरवा आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला तोच दाखवा. मॅकवरची लॉजिक आणि गॅरेजबँड ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर फक्त ऑडिओ युनिट (एयू) प्रकारची प्लगइन वाचतात, प्रो टूल्स फक्त एएएक्स प्रकारची. मॅकवर इन्स्टॉल करताना एयूची खूण काढून टाकली असेल तर लॉजिकमध्ये ते वाद्य दिसणारच नाही.

एफएल स्टुडिओत ऑप्शन्समधून मॅनेज प्लगइन्स उघडा, ‘व्हेरिफाय प्लगइन्स’वर खूण करा आणि शोध सुरू करा. रीपरमध्ये प्रेफरन्सेसच्या व्हीएसटी पानावर जुनी यादी पुसून पुन्हा स्कॅन करा. क्यूबेसमध्ये स्टुडिओ मेनूतला प्लगइन मॅनेजर पाहा, कारण स्कॅन करताना अडकलेले प्लगइन तो वेगळ्या यादीत टाकतो आणि नंतर स्वतःहून परत घेत नाही. बत्तीस बिटची जुनी मोफत प्लगइन आजच्या चौसष्ट बिट सॉफ्टवेअरमध्ये थेट चालतीलच असे नाही, आणि मॅकवर तर २०१९ च्या कॅटलिनापासून ती बंदच आहेत. त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

पंधरा मिनिटांनी बंद पडणारी लायब्ररी

कॉन्टॅक्टचे दोन प्रकार आहेत, मोफत प्लेअर आणि विकतचा पूर्ण कॉन्टॅक्ट. बऱ्याच लहान कंपन्यांच्या लायब्ररी पूर्ण कॉन्टॅक्टसाठीच बनवलेल्या असतात. मोफत प्लेअरमध्ये त्या उघडतात, पण डेमो म्हणून, आणि १५ मिनिटांनी आवाज बंद होतो. ही बिघाडाची खूण नाही. लायब्ररी घेण्याआधी तिच्या पानावर पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो का आणि कोणत्या आवृत्तीपासून, एवढी एक ओळ वाचा. नव्या आवृत्तीत जतन केलेले वाद्य जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आम्ही बसवत नाही आणि दुसरीकडून बसवून आणलेली दुरुस्त करत नाही. ती चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच संगणकावर तुमचे बँकेचे व्यवहार असतात. बजेट नसेल तर स्पिटफायरची लॅब्स, डिसेंट सॅम्पलर, प्लोगचे सफोर्झांडो ही मोफत आणि कायदेशीर साधने आहेत. यांवर पूर्ण भीमगीत किंवा भजन उभे राहते.

पट्टी दाबली आणि आवाज उशिरा आला

याचा लायब्ररीशी संबंध नाही, हा बफरचा प्रश्न आहे. बफर म्हणजे आवाज बाहेर पाठवण्याआधी संगणक करतो तो छोटा साठा, आणि इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचा अगदी बारीक तुकडा. ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. त्यात ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात आणि बाहेर नेणारी पेटी) आणि ड्रायव्हरचा थोडा उशीर आणखी मिळतो. ढोलकीवाल्या हाताला दहा-बारा मिलिसेकंदही खटकतात. वाजवताना १२८ ठेवा. मिक्सिंगला बसलात की १०२४ करा, नाहीतर प्रोसेसरवर ताण येऊन तडतड सुरू होते. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर बसवा. एएसआयओ फोर ऑल हा इंटरफेस नसतानाचा तात्पुरता उपाय आहे. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवू नका, त्याचा उशीर दीड-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो आणि कोणत्याही सेटिंगने तो जात नाही.

प्रोजेक्ट ४४.१ वर आणि इंटरफेस ४८ वर अडकला असेल तर गाणे जलद वाजते आणि सूर जवळपास दीड सेमीटोन वर जातो (कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक सेमीटोन). गायक म्हणतो पट्टी चुकली, आणि तो बरोबर असतो. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

कीबोर्ड आणि ऑक्टापॅड जोडताना

जुन्या ऑक्टापॅडला पाच पिनांचे मिडी (कोणता सूर किती जोरात वाजवला हे कळवणारी जोडणी) असते. त्यासाठीच्या यूएसबी केबलवर दोन टोके असतात. बऱ्याच स्वस्त केबलींवर ‘इन’ लिहिलेले टोक ऑक्टापॅडच्या ‘आउट’मध्ये जाते. दिवा लुकलुकत नसेल तर टोके अदलाबदल करून पाहा. ऑक्टापॅड बहुधा मिडी चॅनेल १० वर बोलतो आणि वाद्य चॅनेल १ वर ऐकत असते. वाद्याचे चॅनेल ‘ऑम्नी’ (सगळी चॅनेल ऐकणारे) केले की प्रश्न मिटतो. पॅडवर भलताच बोल वाजत असेल तर पॅडचा नोट क्रमांक आणि लायब्ररीत त्या बोलाचा क्रमांक जुळवा. नावांवर विसंबू नका : नोट ६० ला यामाहा सी३ म्हणते, रोलँड सी४ आणि एफएल स्टुडिओ सी५.

व्हायोलिन-चेलोच्या लायब्ररीत पट्टी दाबली तरी आवाजच येत नाही अशी तक्रार बरेचदा येते. अशा अनेक लायब्ररींत आवाजाचा जोर मॉड व्हीलवर (कीबोर्डवरच्या चाकावर) असतो आणि व्हील खाली असते. वर सरकवा. तुमच्या कीबोर्डला व्हील नसेल तर सीसी१ (मॉड व्हीलचा मिडी क्रमांक) ची रेघ माउसने ओढा. एक्स्प्रेशन सीसी११ वर असते, सस्टेन पेडल सीसी६४ वर.

आपली वाद्ये, आपली पट्टी

ढोलकी आणि तबल्याची लायब्ररी एका ठरावीक सुरात रेकॉर्ड केलेली असते. ती काळी एकची असेल आणि गाणे काळी चारमध्ये असेल तर सात सेमीटोन चढवावे लागतात. एवढे चढवले की चाटीचा आवाज खेळण्यासारखा होतो आणि धूम नाहीशी होते. दोन, फार तर तीन सेमीटोनपर्यंतच चढवा-उतरवा. त्यापुढे जायचे असेल तर त्या सुराच्या जवळ रेकॉर्ड केलेली लायब्ररी निवडा. पाच सेमीटोन खाली उतरवणे सात चढवण्यापेक्षा थोडे बरे वाटते, पण तेही चालवून घेणेच आहे.

सतार, सारंगी, बासरीत मींड हवी असेल तर पिच बेंडची (सूर वर-खाली ओढण्याच्या सोयीची) मर्यादा पाहा. बहुतेक वाद्यांत ती दोन सेमीटोन असते, म्हणजे सा वरून रे पर्यंतच. सतारीला ती पाच ते सात करा, आणि वाद्याच्या आत जो आकडा ठेवाल तोच कीबोर्ड किंवा रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही ठेवा. खंजिरी आणि हलगीचे चांगले सॅम्पल कमी मिळतात. भजनी मंडळातल्या वादकाकडून वेगवेगळ्या जोराचे दहा-पंधरा ठोके रेकॉर्ड करून डिसेंट सॅम्पलरमध्ये भरले तर विदर्भातल्या खंजिरीचा खरा आवाज हाती येतो. आम्हाला हा मार्ग जास्त पसंत आहे, आणि त्यासाठी लागणारी मांडणी आम्ही दाखवून देतो.

नागपूरचा मे महिना

तापमान पंचेचाळीसच्या वर गेले की लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि जानेवारीत नीट चाललेले तेच प्रोजेक्ट तडतडू लागते. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा जाऊ द्या, जड ट्रॅक फ्रीझ करून (तात्पुरते तयार आवाजात बदलून) घ्या. कुलरची ओली हवा थेट यंत्रांवर येऊ देऊ नका. चार्जर लावूनच काम करा, कारण बॅटरीवर विंडोज प्रोसेसर मंद करते. पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’ ठेवा. लायब्ररी उघडत असताना लाइन गेली तर फाइल अर्धवट राहते आणि नंतर एखादा सूरच वाजत नाही. डेस्कटॉपला यूपीएस असावाच.

फॉरमॅट करण्याआधी

परवाना संगणकाशी जोडलेला असेल तर विंडोज पुसण्याआधी तो संगणक कंपनीच्या खात्यातून सोडवा. आयलॉकमध्ये (अनेक कंपन्या वापरतात ती परवान्याची व्यवस्था) तर हे नक्की करा. मशीनवरचा परवाना सोडवला नाही तर ती जागा अडकून राहते आणि कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागतो. आयलॉकची यूएसबी चावी असेल तर परवाना चावीतच राहतो, फॉरमॅटचा त्याला धक्का लागत नाही. पण चावी हरवली तर परवानाही तिच्याबरोबर जातो. लायब्ररी वेगळ्या डिस्कवर असेल तर ती तशीच ठेवा. नव्या विंडोजवर फक्त प्लगइन बसवायचे आणि फोल्डर दाखवायचा.

खाते नेहमी स्वतःच्या ईमेलवर उघडा. स्टुडिओत काम करणाऱ्या मुलाच्या ईमेलवर घेतलेले वाद्य तो काम सोडून गेला की त्याच्याबरोबर जाते. इन्स्टॉलेशनसाठी येताना स्वतः या, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो. सोबत चार्जर, इंटरफेस, त्याची यूएसबी केबल आणि लायब्ररी ठेवायची डिस्क आणा.