रूळ गेल्यावर उरणारी वाट

नाशिकच्या मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एके काळी ट्राम होती. ती 1889 साली सुरू झाली. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. आठ-दहा किलोमीटरची ही वाट 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली आणि हळूहळू रस्त्यांत, घरांत, दुकानांत विरून गेली. ट्राम गेली याचं मला फारसं दुःख नाही. हळहळ वाटते ती शहराच्या मधून जाणाऱ्या त्या सलग पट्ट्याची, कारण असा पट्टा पुन्हा विकत घेणं आज कुठल्याच शहराला परवडणार नाही.

बंद पडलेल्या रेल्वेची वाट माणसांना चालायला इतकी सुखाची का, याचं उत्तर चाकात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर घरंगळतं, घर्षण अगदी कमी, म्हणून थोड्या ताकदीत प्रचंड ओझं ओढलं जातं. पण त्याच कारणानं पकडही कमी असते, चढ आला की चाक घसरतं. म्हणून रेल्वेची वाट होईल तितकी सपाट ठेवतात. आपल्या कसारा घाटात चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. एवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आता व्हीलचेअरचा उतार पाहा, तो 1:12 पर्यंत चालतो. म्हणजे रेल्वेला जो चढ जीवघेणा वाटतो, तोही व्हीलचेअरच्या उतारापेक्षा तिपटीनं सौम्य! गुडघे दुखणारे आजोबा आणि सायकल शिकणारं पोर, दोघांनाही चालेल अशी वाट इंजिनिअरांनी नकळत आधीच करून ठेवलेली असते.

नाशिकरोडच्या बाजूला एका बंद साइडिंगच्या, म्हणजे मालगाड्यांसाठीच्या बाजूच्या रुळांच्या, कडेला मी गेल्या उन्हाळ्यात तीन-चार सकाळी जाऊन बसलो. काळ्या पाषाणाची खडी, तीत पाणी ठरत नाही आणि ऊन मात्र साठून राहतं. त्यामुळे आधी आली होती घाणेरी, गाजरगवत आणि सुबाभूळ. मला तिथे करंज, बहावा, उंबर दिसत होते. झाडाच्या पानांतून 1 लिटर पाणी बाष्प होऊन गेलं की भोवतालची सुमारे 2.4 मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते आणि तेवढा गारवा येतो, विजेच्या हिशेबात जवळजवळ दोन तृतीयांश युनिट. सलग झाडी असली तर फुलपाखरं आणि पक्षी एका बागेतून दुसऱ्या बागेत सरकू शकतात. मी मनातल्या मनात सगळा पट्टा झाडांनी भरून टाकला होता.

तेवढ्यात शेजारच्या चाळीतल्या एक आजी आल्या, रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरांवर, म्हणजे आडव्या ओंडक्यांवर, लुगडं अंथरलं आणि कुरडया घालू लागल्या.

मी त्यांना सांगितलं, आजी, या लाकडाला किडू नये म्हणून क्रिओसोट पाजलेलं असतं, दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं. त्यातली काही रसायनं कर्करोगाला कारण होऊ शकतात. खाण्याचं काही इथे नको. त्यांनी निमूट लुगडं उचललं. मग म्हणाल्या, ‘‘बरं बाबा. पण चाळीत ऊन येतं कुठं? तू झाडं लावशील तर वाळवण कुठं घालू?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्लीपरचं रसायन मला ठाऊक होतं आणि उन्हाचा हिशेब त्यांना. जुनी साइडिंग हिरवी करायची तर ही दोन्ही माहिती एकाच कागदावर यायला हवी, तीही आराखडा काढण्याआधी. मालगाड्यांतून तेल कुठे सांडायचं, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, हे रुळाकाठी जन्म काढलेल्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही. मातीचे नमुने कुठून घ्यायचे, हेही त्यावरूनच ठरतं.

न्यूयॉर्कची हाय लाइन, म्हणजे शहरातला उंचावरचा जुना मालगाडीमार्ग, याबाबतीत विचार करायला लावते. 1980 मध्ये शेवटची मालगाडी गेली, 1999 मध्ये वस्तीच्या बैठकीत भेटलेल्या दोन रहिवाशांनी ती वाचवायला संस्था काढली आणि 2009 मध्ये उंचावरच्या रुळांवरची बाग खुली झाली. पर्यटक लोटले, आसपासच्या जागांचे भाव चढले. पण अगदी लगतच्या सरकारी घरांतल्या लोकांना ती आपली वाटली नाही. संस्थापकांपैकी एकानं पुढे हे मोकळेपणानं मान्य केलं: बाग कशी दिसावी हे विचारलं, तुम्हाला काय हवंय हे विचारायला हवं होतं. सिंगापूरमध्ये 2011 साली मलेशियाला जाणारी रेल्वे शहरातून हटली. ही वाट सलग हिरवी राखा, अशी मागणी तिथल्या निसर्गप्रेमींनी त्याच्या आधीच लावून धरली होती, म्हणून 24 किलोमीटरचा पट्टा तुकडे न होता राहिला.

लोकांच्या हाती कारभार दिला की गोंधळ होतो, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. असं म्हणणाऱ्यांना मी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम नदीकाठी घेऊन जाईन. तिथल्या फड पद्धतीत, म्हणजे शेतांचे गट (फड) करून पाटाचं पाणी वाटून घेण्याच्या रीतीत, शतकानुशतकं पाण्याची पाळी गावानंच ठरवली, पाणी सोडणारा पाटकरी गावानंच नेमला आणि कोणत्या फडात कोणतं पीक हेही गावानंच ठरवलं.

साइडिंगजवळ मग चाळकऱ्यांनी आणि मी मिळून कागद बाजूला ठेवला आणि मोकळ्या जमिनीवर रांगोळीनं नकाशा काढला. लिहिता-वाचता न येणाराही त्यात बोट ठेवून बोलू शकतो. अंबडच्या कारखान्यातून रात्री परतणाऱ्या एका ताईनं नकाशात रुळाखालच्या मोरीपाशी शेंगदाणा ठेवला, इथे दिवा नाही म्हणून. पोरांनी क्रिकेटची जागा दाखवली. आजींनी चाळीच्या दक्षिणेला, स्लीपरांपासून लांब, हाताएवढा चौकोन रेखला आणि त्यात एकही झाड काढू दिलं नाही.